छताला ओलही नको, आगही नको
लाकडी छताखाली धंदा करणाऱ्यांसाठी काही माहिती, काही हिशेब



मालाच्या भावाकडे, उधारीकडे आणि गिऱ्हाइकाकडे आपले बारीक लक्ष असते. त्या सगळ्यावर जे छप्पर उभे आहे त्याच्याकडे मात्र आपण दोनच वेळा मान वर करून पाहतो. एकदा पाणी ठिबकू लागल्यावर, आणि दुसऱ्यांदा धूर दिसल्यावर. दोन्ही वेळी उशीर झालेला असतो.

मुंबईचे जुने बाजार, भिवंडी-मालेगावचे जुने कारखाने, कोकणातली घरे, दुकाने आणि मस्जिदी यांतल्या अनेक इमारतींचे छत आजही लाकडावर उभे आहे. कुठे सागवानी वासे आणि रिपा व त्यांवर मंगलोरी कौले, कुठे लाकडी कैच्यांवर पत्रे, तर कुठे सागवानी तुळयांवर फळ्या आणि वर कोबा. अशा छताला दोन शत्रू आहेत, ओल आणि आग. अडचण अशी, की ओलीवर केलेला उपाय पुष्कळदा आगीला वाट करून देतो, आणि आगीवर केलेला उपाय ओलीला आत कोंडतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्र केला पाहिजे. या लेखात आम्ही तोच प्रयत्न केला आहे.

इतिहासाची साक्ष

हा प्रश्न आजचा नाही. मस्जिद-ए-नबवीचे पहिले छत खजुराच्या खोडांवर आणि झावळ्यांवर होते. रमजानच्या एका रात्री पाऊस पडला, छत गळले आणि सजद्याच्या जागी पाणी व चिखल झाला, असे बुखारी शरीफमध्ये आले आहे. त्याच मदिना शहरात एक घर रात्री माणसांसह जळाले, तेव्हा हुजूर (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि निजण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली, हेही बुखारी शरीफमध्येच आहे. गळके छत आणि जळके घर, दोन्ही गोष्टी आपल्याला तिथूनच माहीत आहेत.

पुढे हिजरी ६५४ मध्ये, म्हणजे इ.स. १२५६ मध्ये, खादिमाच्या दिव्यामुळे मस्जिद-ए-नबवीला आग लागली आणि छत जळाले. हिजरी ८८६ (इ.स. १४८१) मध्ये वीज पडून पुन्हा आग लागली, आणि सुलतान कायतबाय यांनी बांधकाम करविले. दमिश्कची उमवी जामा मस्जिद १८९३ मध्ये दुरुस्तीचे काम चालू असताना पेटली आणि तिचे लाकडी छत गेले.

आपल्या मुंबईत १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या बाजारात आग लागली आणि कोटाचा मोठा भाग जळाला. त्यानंतर कोटाबाहेर व्यापाऱ्यांची वस्ती वाढत गेली. आजचे आपले जुने बाजार बहुतेक त्याच भागात आहेत.

लाकूड आणि सूत यांचा हिशेब सारखा

आम्ही कापडवाले, इंजिनिअर नाही. पण नमीचा हिशेब कापडवाल्याला शिकवावा लागत नाही. कोरडे सूत हवेतली नमी ओढून घेते आणि वजनाला भरते. सुताच्या व्यवहारात कोरड्या वजनावर साडेआठ टक्के नमी धरण्याची रीत आहे. लाकूडही झाडाच्या तंतूंचेच असल्याने तसेच वागते. हवेत ६५ टक्के दमटपणा असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के नमी राहते. भर पावसाळ्यात हवेचा दमटपणा ८५ टक्क्यांपर्यंत गेला, तर छपराखालच्या न भिजलेल्या लाकडातही १७-१८ टक्के नमी येते.

इथे एक आकडा लक्षात ठेवावा, तो म्हणजे वीस टक्के. लाकडाची नमी या हद्दीच्या आत असेल तोवर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात गेली आणि तिथेच मुक्काम करून राहिली, की लाकूड आतून भुसभुशीत होऊ लागते. वाळवीलाही ओलसर लाकूड आवडते.

यातून दोन गोष्टी समजतात. पहिली, नुसत्या पावसाळी हवेने लाकूड कुजत नाही. कुजते ते गळतीने, किंवा भिजलेल्या लाकडाला वाळायला वाव न मिळाल्याने. दुसरी, पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असल्याने खिडकी उघडली म्हणून लाकूड कोरडे होणार नाही. वाऱ्यामुळे एवढेच होते की आतली ओल साचत नाही. खरे वाळणे दसरा-दिवाळीच्या सुमाराच्या उन्हात होते, आणि तेव्हा छताला श्वास घेण्याची जागा लागते.

एका बुजुर्ग सुतार मिस्त्रींचे बोलणे आम्हाला आठवते. ते म्हणाले, "शेठ, भिजलेले लाकूड मी वाळवून पुष्कळदा वापरले आहे. कोंडलेले लाकूड मात्र मला नेहमी फेकावे लागले."

नमी मोजायची असेल तर दोन सुयांचे लहान यंत्र बाजारात मिळते. ते नसेल तर आपली जुनी पद्धत आहेच. लाकडाचा ताजा तुकडा तोलावा, भट्टीत १०३ अंशांच्या सुमारास वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला, तर नमी वीस टक्के, म्हणजे हद्दीवर.

लाकूड जळते कसे?

जाड लाकूड आपल्याला वाटते तितक्या लवकर पडत नाही. ते पेटले की बाहेर कोळशाचा थर धरते आणि तो थर आतल्या लाकडाला काही काळ उष्णतेपासून सांभाळतो. जळण्याचा वेग साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे सहा इंच बाय आठ इंच तुळई सर्व बाजूंनी अर्धा तास जळाली, तरी प्रत्येक बाजूने दोन सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि मधला मोठा गाभा शिल्लक राहतो. लोखंडाची उघडी कैची मात्र तापून नरम पडते आणि वाकते.

पण हे जाड आणि निरोगी लाकडाबद्दल झाले. एक इंची रीप दोन्ही बाजूंनी जळू लागली तर पंधरा-वीस मिनिटांत संपते. प्लायवूड, फळीचे तुकडे, पातळ पट्ट्या त्याहून लवकर जातात. आणि कुजलेले लाकूड? ते सुकल्यावर जवळजवळ चकमकीच्या कापसासारखे असते, एका ठिणगीने धुमसू लागते. शिवाय सहा इंची तुळईतले दोन इंच आधीच बुरशीने खाल्ले असतील, तर आगीच्या वेळी तिला तेवढी मिनिटे कमी मिळतात. त्या मिनिटांतच माणसे बाहेर पडायची असतात.

म्हणजे ओल आणि आग हे वेगवेगळे शत्रू नाहीत. एक घराचा दरवाजा पोखरून ठेवतो, दुसरा त्यातून आत येतो. ज्याने छत कोरडे राखले त्याने आगीचेही निम्मे काम केले.

झगडा नेमका कुठे आहे?

गरम हवा वर जाते, वाफही वर जाते आणि धूरही वर जातो. तिघांची गाठ छताखालच्या पोकळीत पडते. ओलीला घालवायचे तर ही पोकळी खुली हवी, म्हणजे वळचणीतून हवा आत यावी आणि आढ्याजवळून बाहेर पडावी. आगीला रोखायचे तर हीच पोकळी बंद हवी, कारण खुली लांबलचक पोकळी आगीला धुराड्यासारखी उपयोगी पडते.

ओळीने दहा दुकाने असतील आणि मधल्या भिंती तक्तपोशीपर्यंतच चढवून सोडल्या असतील, तर वर सगळ्यांचा माळा एकच असतो. खाली दहा कुलपे, वर मात्र एकच मोकळे मैदान. पहिल्या दुकानातली आग वरून धावत दहाव्या दुकानात उतरते, आणि त्या दुकानदाराला खाली काहीच दिसत नाही. इंग्लंडमध्ये २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसरच्या राजवाड्यात दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि आग छतातल्या अशाच पोकळ्यांमधून पसरली. पॅरिसच्या नोत्र-दाम गिरजाघराचे ओक लाकडाचे छत १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, त्याही माळ्यात आडव्या भिंती नव्हत्या. नवीन छत पुन्हा ओकचेच केले, पण या वेळी आग अडवणारे आडवे विभाग आणि पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा घातली. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले.

यात या प्रश्नाचे उत्तरही आहे. हवा वळचणीकडून आढ्याकडे, म्हणजे खालून वर, जाऊ द्यावी. आग एका दुकानाकडून दुसऱ्याकडे, म्हणजे आडवी, जाऊ देऊ नये. प्रत्येक दुकानाच्या माळ्याला स्वतःची हवा असावी आणि शेजाऱ्याच्या माळ्याशी वाट नसावी. मधली भिंत कौलांच्या पोटाला टेकेपर्यंत चढवावी, आणि वायर व नळ जिथून जातात ती भोके चुन्याने किंवा सिमेंटने भरावीत.

जुन्यांची अक्कल आणि आपली घाई

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला काढला, आणि ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. याचे कारण होते. कौल पेटत नाही, आणि दोन कौलांच्या जोडातून हवा खेळते. पावसाचे पाणी बाहेर उतरते, आतली वाफ वर निघून जाते. कालिकतची मिश्काल मस्जिद चौदाव्या शतकात नाखुदा मिश्काल या व्यापाऱ्याने बांधली. तिचे अनेक मजली लाकडी-कौलारू काम केरळच्या जबरदस्त पावसात टिकले, कारण वरच्या मजल्यांना भरपूर हवा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिला आग लावली, त्यातून ती पुढे दुरुस्त झाली. ज्या लाकडाला पाऊस हरवू शकला नाही, ते आगीत गेले. हाही एक धडा आहे.

आता आपण काय करतो ते पाहू. एखादे कौल फुटते. ते बदलायला माणूस मिळत नाही, म्हणून वरून निळी ताडपत्री किंवा मेणकापड अंथरतो आणि विटा ठेवतो. पुढच्या वर्षी त्यावर दुसरी. पाणी थांबते, पण छताचा श्वासही थांबतो. वासे दिवाळीतही ओले राहतात. उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून खालून थर्माकोलचे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचे खोटे छत मारतो. आता वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक, मधे ओले लाकूड, आणि त्याच अंधारात विजेच्या वायरी. गळती झाली तरी खाली थेंब दिसत नाही. आग लागली तर वरची ताडपत्री आणि खालचे थर्माकोल वितळून जळते थेंब मालावर आणि माणसांवर पडतात, आणि थर्माकोलच्या काळ्या धुरात जिना सापडत नाही.

ताडपत्री चार महिन्यांची मलमपट्टी म्हणून ठीक आहे. पाऊस संपताच ती उतरवलीच पाहिजे.

उपाय, क्रमाने

१) आधी गळती बंद करा. वैशाखात कौले चाळून फुटकी बदला. पन्हळीतला पाला काढा. भिंतीत घुसलेली तुळयांची टोके आणि वळचणीकडचे वासे आधी तपासा, कारण कुजणे तिथूनच सुरू होते. टोकदार साळ लाकडात सहज घुसली तर तेवढा भाग गेला असे समजा.

२) खाली छत हवेच असेल तर न जळणाऱ्या वस्तूचे करा. जिप्समच्या पाट्यांमध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत वरचे लाकूड वाचते. सांधे मात्र नीट भरले पाहिजेत, फट राहिली तर आग तिथूनच चढते. आणि हीच पाटी वरून गळती झाली तर फुगून पडते. म्हणून पहिला उपाय केल्याशिवाय हा दुसरा करू नये. सिमेंटच्या पाट्या पाणी जास्त सोसतात.

३) हे छत आणि कौले यांच्यामध्ये मोकळी जागा राखा. तिथे प्लास्टिक, गोणपाट, जुने नमुने, रिकामे खोके काहीही भरू नका. वळचण आणि आढे इथे हवेची तोंडे ठेवा आणि त्यांना बारीक तारेची, साधारण तीन मिलिमीटर छिद्राची, जाळी लावा. वणव्यांच्या प्रदेशात, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, उडते निखारे अडवण्यासाठी हीच युक्ती वापरतात. आपल्याकडे लग्नातली आणि सणांतली आतषबाजी, शेजारच्या भट्टीच्या ठिणग्या, उंदीर आणि कबुतरे या सर्वांवर ती चालते. जाळीवर धूळ बसते, ती झाडत राहावी, नाहीतर हवाही बंद होते.

४) खोट्या छताला एक झाकण ठेवा, माणसाचे डोके आणि खांदा आत जाईल एवढे. जी जागा पाहता येत नाही तिची देखभाल होत नाही.

५) वाफ माळ्यात सोडू नका. इस्त्रीची वाफ, रंगाच्या कढईची वाफ, स्वयंपाकाची वाफ नळीने थेट बाहेर काढा. भटारखान्याचे किंवा बेकरीचे धुराडे लाकडातून जात असेल तर त्याभोवती मोकळी जागा आणि पत्र्याची किंवा विटांची चौकट हवी. धुराड्यातली चरबी वेळच्या वेळी खरवडून काढावी.

६) विजेची वायर लाकडावर खिळ्यांनी ठोकलेली नसावी. ती नळीतून न्यावी आणि जोड डब्यातच करावेत. वायरीवर गाठोडी ठेवू नयेत. ओल आणि वीज एकत्र आली की गळता करंट सुरू होतो. त्यासाठी करंट गळताच वीज तोडणारे यंत्र बसवावे. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचे आणि मुख्य वाटेवर आगीसाठी ३०० मिलिअँपिअरपर्यंतचे वापरतात. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

७) माल छताला भिडवू नका. थानांची थप्पी आणि छत यांत किमान दीड-दोन फूट अंतर ठेवा, गाठी फळ्यांवर आणि भिंतीपासून सुट्या ठेवा. यामुळे मालाला बुरशीचे डागही लागत नाहीत आणि छतातून ठिबकणारे पाणीही वेळीच दिसते.

औषध लावलेले लाकूड

बाजारात लाकडाला लावायची औषधे मिळतात, काही कुजण्यावर, काही आगीवर. टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांचे मिश्रण दोन्हींवर काही प्रमाणात काम करते, म्हणून ते छताखालच्या लाकडाला सोयीचे आहे. पण हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत. जिथे गळती आहे तिथे दोन पावसाळ्यांत ते धुऊन जातात, आणि आपण मात्र लाकूड सुरक्षित आहे असे समजून बसतो. नुसते वरून ब्रशने लावले तर खोलही जात नाही. लाकूड बदलतानाच ते भिजवून किंवा दाबाखाली औषध भरून आणावे.

आगीवरच्या औषधाची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात १९८०च्या दशकात ओळीच्या घरांच्या छतांवर आगप्रतिबंधक औषध भरलेले प्लायवूड वापरले गेले. माळ्याच्या उन्हाळी उष्णतेने आणि ओलीने त्यातल्या काही औषधांपासून आम्ल तयार झाले, आणि काही वर्षांतच प्लायवूड काळे पडून ठिसूळ झाले. आगीसाठी केलेला उपाय छतालाच खाऊन गेला. म्हणून औषध घेताना गरम माळ्यात आणि दमट हवेत ते चालते काय, हे लेखी विचारावे.

रंगाचेही तसेच. सगळ्या बाजूंनी जाड ऑईलपेंट मारलेले ओले लाकूड आतल्या आत कुजते. आधी वाळवावे, मग रंगवावे.

कारखानदार भावांसाठी दोन शब्द

लूमच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून आपण हवा मुद्दाम दमट ठेवतो, जमिनीवर पाणीही मारतो. ती नमी वर जाऊन लाकडी कैच्यांत बसते. वर पत्रा असेल तर थंडीच्या निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा गार होतो, त्याच्या पोटाला दव धरते आणि कैचीवर टपकते. छत कुठेच फुटलेले नसताना लाकूड कुजते ते यामुळे. कारखाना बंद झाल्यावर तासभर वरची तोंडे उघडी ठेवून दमट हवा जाऊ द्यावी.

दुसरे म्हणजे कापसाची उडती धूळ. ती कैच्यांवर आणि वायरींवर बसते. ओली असते तोवर गप्प असते, उन्हाळ्यात सुकली की एका ठिणगीने तिच्यावरून आग सरसर धावते. झाडूने उडवली तर पुन्हा तिथेच बसते, म्हणून ओढून घेणाऱ्या यंत्राने ती दर आठवड्याला काढावी आणि त्या वेळी मेन स्विच बंद ठेवावा.

कापडाच्या आगीसाठी पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण गाठीच्या पोटात विस्तव धुमसत राहतो आणि तासाभराने पुन्हा पेटतो. म्हणून वीज तोडल्यावर गाठीवर पाणी हवेच. सिलिंडर आणि पाण्याचे पिंप दोन्ही ठेवा.

दुरुस्तीच्या दिवसांतली आग

छतांच्या कित्येक आगी दुरुस्ती चालू असताना लागल्या आहेत. दमिश्कचे उदाहरण वर आलेच. इंग्लंडमध्ये अपपार्क नावाची जुनी हवेली ऑगस्ट १९८९ मध्ये छतावरच्या शिशाच्या पत्र्याला ज्योतीने जोड देताना पेटली, आणि तेही काम संपत आलेले असताना. आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी डांबराचा फेल्ट गॅसच्या ज्योतीने चिकटवतात आणि पत्र्याला वेल्डिंग करतात. खाली कोरड्या फळ्या आणि त्याखाली कापड. लाकडी छतावर शक्यतो ज्योतीचे काम नकोच. करावेच लागले तर खालचा माल हलवा, पाण्याची बादली आणि माणूस दोन्ही बाजूंना ठेवा, दुपारनंतर ज्योत बंद करा, आणि काम संपल्यावर निदान दोन तास कोणीतरी माळ्यात डोकावत राहो. फळीच्या फटीत धुमसणारी ठिणगी मगरिबनंतर जागी होते, तेव्हा कामगार घरी गेलेले असतात.

पोटमाळ्यावर झोपणारे

आता सर्वांत नाजूक गोष्ट. जरी, पर्स, शिलाई, चामडे यांच्या कारखान्यांत बाहेरगावचे कारीगर दिवसा काम करतात आणि रात्री त्याच पोटमाळ्यावर झोपतात. धूर वर चढतो, आणि ही मुले छतापासून चार हातांवर असतात. दिल्लीत ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे अनाज मंडीतल्या कारखान्यांच्या इमारतीला आग लागली आणि ४३ माणसे गेली. त्यांतले बहुतेक झोपलेले कारीगर होते. ती इमारत लाकडी छताची नव्हती. लाकडी छताखाली तर वेळ आणखी कमी मिळतो.

माल गेला तर कमावता येतो. आपल्या भरवशावर बिहार-बंगालहून मुलगा पाठवणाऱ्या आईची अमानत गेली तर त्याचा जबाब कोण देणार? म्हणून झोपण्याची जागा पोटमाळ्यावर नसावीच. दुसरी सोय होईपर्यंत निदान एवढे करावे. बाहेरून कुलूप कधीही नको. उतरायला दोन वाटा हव्यात. वर गॅसची शेगडी आणि मच्छर अगरबत्ती नको. बॅटरीवर चालणारी धुराची घंटा छताखाली आणि माळ्याच्या पोकळीत लावावी. तिची किंमत एका चांगल्या थानाएवढीही नसते.

कोणी करायचे?

पागडीच्या इमारतीत हा प्रश्न नेहमी अडतो. मालक म्हणतो भाडे किती मिळते, भाडेकरू म्हणतो छत मालकाचे. एकट्या दुकानदाराने आपल्यापुरते छत सुधारून भागतही नाही, कारण माळा सामाईक असतो. यावर उपाय एकच, गल्लीतल्या दुकानदारांनी एकत्र बसणे. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींबाबत दुरुस्ती मंडळाकडे लेखी अर्ज करावा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे तिथे मालकाची किंवा वहिवाटदाराची जबाबदारी सांगितली आहे, आणि यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मस्जिदींच्या ट्रस्टींनाही आमची विनंती आहे. छताला नवीन रंग आणि झुंबर देण्याआधी एकदा मिस्त्रीला माळ्यात चढवा. झुंबराची वायर कशावरून गेली आहे ते त्याला पाहू द्या.

वर्षातले तीन दिवस

एवढे सारे एकदम होणार नाही. निदान वर्षातले तीन दिवस छताला द्यावेत. वैशाखात एक दिवस कौले, पन्हळी आणि वायरी पाहण्यासाठी. श्रावणात मुसळधार पाऊस चालू असताना एक दिवस, झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात गळती शोधण्यासाठी, कारण ती तेव्हाच दिसते. आणि कार्तिकात एक दिवस, ताडपत्री उतरवून, झरोके झाडून, लाकूड वाळते आहे की नाही ते पाहण्यासाठी. प्रत्येक वेळी काय पाहिले ते वहीत तारखेनिशी लिहावे. उधारीची वही आपण ठेवतोच, तिच्या शेवटच्या चार पानांवर छताचा हिशेब मांडला तर वेगळी वही लागत नाही.

तवक्कुल हा आपल्या ईमानचा भाग आहे, आणि उंट बांधून मग तवक्कुल करावे ही शिकवणही आपलीच आहे. अल्लाह आपल्या दुकानांची, कारखान्यांची आणि त्यांत राबणाऱ्या हातांची हिफाजत करो. आमीन.